मेश्राम सरांचा चिनी वर्ग

मेश्राम सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते ख्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातल्या एका सुपरमार्केटात आठ-दहा चिनी आजी-आजोबांची रांग घेऊन उभे होते आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक केळं होतं. डझन नाही, फणी नाही, एकच केळं. शेजारी आपलं आपण बिल करायची यंत्रं रिकामी पडली होती, पण तिकडे कोणी बघायला तयार नव्हतं. सगळी रांग एकाच काउंटरवर, जिथे कॉलेजातली एक मुलगी उभी होती.

"हाय, हाऊ आर यू?" मुलगी म्हणाली.

"गुड थँक्स, हाऊ आर यू?" केळंवाल्या आजी म्हणाल्या आणि लगेच मान वळवून त्यांनी कडेला उभ्या असलेल्या गृहस्थांकडे पाहिलं. गृहस्थ आपल्याकडचे. इस्त्रीचा शर्ट, टाय, वर हाताने विणलेला स्वेटर आणि पायात जँडल्स, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपला. त्यांनी अंगठा वर केला. आजी केळं घेऊन खुशीत बाहेर पडल्या. मग पुढची आजी, पुढचं केळं.

चौथ्या का पाचव्या नंबरचे आजोबा मात्र घसरले. 'हाऊ आर यू' ऐकल्यावर त्यांनी केळं काउंटरवर ठेवलं, पँट वर सरकवली आणि त्या मुलीला गुडघा दाखवायला सुरुवात केली.

टायवाले गृहस्थ धावले. "मिस्टर ल्यू! नो नो नो! धिस इज नॉट क्वेश्चन! धिस इज कफ!" आणि ते खरोखरच दोनदा खोकून दाखवत म्हणाले, "शी कफ, यू कफ, फिनिश!"

ती मुलगी हसून हसून गल्ल्यावर वाकली. माझी सात वर्षांची इरा तेवढ्यात चॉकलेटच्या खणापाशी पोचली होती. मी ओरडले, "इरा, ठेव ते खाली!" आणि गृहस्थ गर्रकन वळले.

"मराठी?" त्यांचा चेहरा उजळला. "मग आपल्यात खोकायची गरज नाही. बोला, कशा आहात? खरंच विचारून राहिलो."

मेश्राम सर मूळचे नागपूरचे, पेशाने स्थापत्य अभियंता. भूकंपानंतर ख्राइस्टचर्च पुन्हा उभं करायला जगभरातून माणसं आली, त्यांतले एक. गावातल्या कितीतरी इमारतींच्या पायात त्यांची आकडेमोड आहे. निवृत्त झाल्यावर माणूस बागकाम करतो, मासे पकडतो. सर दर शनिवारी सकाळी एका सार्वजनिक हॉलमध्ये नव्याने आलेल्या चिनी लोकांना इथल्या रीतीभाती शिकवायचे. पगार नाही, मानधन नाही. टाय मात्र हवाच.

हे काम त्यांच्याकडे आलं कसं, याची कथा ते स्वतःच रंगवून सांगत. वर्ग मुळात मार्गारेट नावाच्या एका गोऱ्या बाईंचा. दारावर स्पष्ट लिहिलेलं, 'चिनी बांधवांसाठी.' सर एका शनिवारी सरळ आत जाऊन पहिल्या बाकावर बसले. मार्गारेटबाईंनी अतिशय सभ्यपणे विचारलं, आपण चीनचे का?

"मी म्हटलं, नाही मॅडम, नागपूरचा. पण नकाशात पाहा, इथून पाहिलं तर दोन्ही एकाच बाजूला येते."

बाईंनी बसू दिलं. पुढे त्या लेकीकडे राहायला गेल्या तेव्हा वर्ग बंद पडायची वेळ आली. सगळ्या चिनी मंडळींनी एकमताने सरांकडे बोट दाखवलं. सरांचं म्हणणं असं की यात नवल काही नाही. "जन्मापासून जो पाण्यात आहे, तो पोहणं काय शिकवणार? ज्याच्या नाकातोंडात पाणी गेलं, त्यालेच विचारावं."

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. बाबा गेल्यावर तिला आम्ही नाशिकहून कायमचं इकडे आणलं होतं. तिकडे आई म्हणजे सोसायटीचं आकाशवाणी केंद्र. कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाकडे पाणी येत नाही, सगळं तिच्या ओट्यावरून प्रसारित व्हायचं. इथे आल्यावरही सुरुवातीला रोज बागेत जायची. एक दिवस तिथे एक लहान मुलगा पळता पळता पडला. आईने धावत जाऊन उचललं, गुडघ्यावर फुंकर घातली, गालाला हात लावला. तेवढ्यात त्याची आई आली, तिने मुलाला माझ्या आईच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि काहीतरी बोलली. त्यातलं 'प्लीज' आणि 'डोन्ट' एवढे दोन शब्द आईला कळले. इरा सोबत होती. घरी येताना तीही म्हणाली, "आजी, यू कान्ट जस्ट टच पीपल्स किड्स!"

त्या दिवसापासून आई बाहेर पडेना. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या छोट्या दुकानात, दुधालासुद्धा जाईना. पडद्याआड उभी राहून रस्ता बघायची. मी विचारलं की म्हणायची, "मला काय कमी आहे? सगळं तर दिसतंय इथून." आणि एका रविवारी तिने परतीच्या तिकिटाचा विषय काढला. तिकडे एकटीने राहण्यासारखी तिची तब्येत नव्हती, हे तिलाही माहीत होतं.

हे सगळं मी त्या सुपरमार्केटात, एका अनोळखी माणसाला, केळ्यांच्या साक्षीने सांगून टाकलं. का, ते मला आजही कळत नाही. त्यांनी 'खरंच विचारून राहिलो' म्हटलं, म्हणूनच असेल.

सर म्हणाले, "शनिवारी घेऊन या."

आई म्हणाली, "मी काय चिनी आहे?"

मी तिचा प्रश्न फोनवर सरांना कळवला. "सांगा त्यायले, मीबी नव्हतो," सर म्हणाले.

पहिल्या शनिवारी आई माझा दंड धरून वर्गात शिरली. सरांनी तिला पुढे बसवलं आणि सगळ्यांसमोर नाही, तर खुर्ची सरकवण्याच्या निमित्ताने हळूच म्हणाले, "ताई, ते बागेतलं समजलं मला. एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमचा हात बरोबर होता, फक्त क्रम चुकला. इथं आधी विचारायचं, 'इज ही ओके?' मग हात. एवढंच."

आई बराच वेळ मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत बसली. त्या दुपारी घरी आल्यावर तिने, कित्येक आठवड्यांनी, स्वतःहून भाकऱ्या केल्या.

मग आई शनिवार चुकवेना. तिला सोडायला-आणायला जाताना मीही मागच्या खुर्चीवर बसू लागले, आणि मला सरांच्या शिकवण्याचं व्यसन लागलं. इंग्रजी नागपुरी चालीचं, चिनी शब्द मोजके, उरलेलं हातवाऱ्यांनी. सुरुवात नेहमी "किया ओरा!" अशा गर्जनेने. इथल्या मूळ रहिवाशांचा, माओरींचा नमस्कार आधी, कारण 'घर त्यायचं आहे, नमस्कारबी त्यायचाच'.

एका शनिवारी विषय होता, पाहुणचार. सरांनी बिस्किटांची बशी घेऊन चेनबाईंसमोर धरली. चेनबाई म्हणजे वर्गातल्या सर्वांत टापटीप आजी, नातवाला सांभाळायला आलेल्या. त्यांनी लाजून नको म्हटलं. सरांनी बशी तत्काळ मागे घेतली आणि स्वतः दोन बिस्किटं खाल्ली. चेनबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं.

"पाहा!" सर म्हणाले. "तुमच्याकडे तीनदा नाही म्हणतात. आमच्याकडेबी तीनदा. चौथ्यांदा यजमान ताटात वाढूनच टाकते. इथं पहिला नाही हाच शेवटचा. त्यायला वाटते, बाईला खरंच नको आहे. ते तुमच्या शब्दाचा मान ठेवून राहिले, अन् तुम्ही उपाशी घरी चालल्या."

आई एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, म्हणजे तुझ्या त्या ऑफिसातल्या बाईने मला केक दिला नाही तो यासाठी! आणि मी तिला चिक्कू म्हणत बसले."

दुसऱ्या आठवड्यात कौतुक. कोणी चांगलं म्हटलं तर काय म्हणायचं? सरांनी आईच्या साडीची तारीफ केली. आई म्हणाली, "छे, जुनीच आहे." चेनबाईंच्या कोटाची तारीफ केली. चेनबाई म्हणाल्या, "नाली, नाली."

सरांनी डोक्याला हात लावला. त्यांनी मागे आम्हाला समजावलं होतं की चिनी माणूस कौतुक झालं की नम्रपणे 'कुठे, कुठे' म्हणतो, आणि त्यांच्या भाषेत तो शब्द असा ऐकू येतो. "पण मी नागपूरचा हो! आमच्याकडे नाली म्हणजे गटार. मी इतक्या प्रेमाने म्हणून राहिलो 'ब्यूटिफुल कोट', अन् ही माउली म्हणते गटार, गटार!"

त्यांनी हे इंग्रजीत आणि हातांनी चेनबाईंनाही समजावून सांगितलं. चेनबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढे आईची आणि त्यांची गट्टी जमली ती या नालीवरूनच. दोघींमध्ये सामायिक भाषा अशी कुठलीच नाही. पण दोघी एकमेकींचं कौतुक करून "गटार गटार" म्हणत आणि मग सरांनी शिकवलेलं "थँक यू" गंभीरपणे जोडत.

सरांना अर्धवट वाक्यांचा मनस्वी राग. इथे लोक मजेत आहे, ठीक आहे, या अर्थी 'स्वीट अ‍ॅज' म्हणतात. सर फळ्यासमोर उभे राहून तळमळत, "स्वीट अ‍ॅज काय? साखर? गूळ? संत्रं? वाक्य सोडून देते मधातच! उरलेलं आपण समजून घ्यायचं." आणि थोडं थांबून म्हणत, "या देशात माणूस दयाळू आहे बरं. फक्त अर्धं बोलते."

हळूहळू आई बाहेर पडू लागली. आधी डेअरीपर्यंत. मग बसने. बसमधून उतरताना इथे सगळे ड्रायव्हरला धन्यवाद देतात, ते ती इतक्या खणखणीत आवाजात देई की ड्रायव्हर तिला ओळखू लागला. एक दिवस घरी येऊन तिने सांगितलं, "आज बागेत एक पोर पडलं. मी विचारलं, इज ही ओके? तर त्याची आई म्हणाली, येस, थँक यू सो मच. बसली की माझ्याजवळ बराच वेळ." परतीच्या तिकिटाचा विषय नंतर निघाला नाही. मी त्या संध्याकाळी सरांना फोन करून आभार मानायला लागले, तर म्हणाले, "बेटा, आभार एकदाच म्हणायचं. तुम्ही चौथ्यांदा म्हणून राहिल्या."

मग तो शनिवार आला. विषय होता, आमंत्रण.

त्या दिवशी सरांनी एकही विनोद केला नाही. फळ्यावर त्यांनी एकच इंग्रजी वाक्य लिहिलं. 'यू मस्ट कम ओव्हर फॉर अ कपा समटाइम.' कधीतरी चहाला या. आणि खडू ठेवून म्हणाले, "हे आमंत्रण नाही. म्हणणारा खोटारडा नाही. त्याला तुम्ही आवडता, म्हणूनच म्हणून राहिला. पण हे आमंत्रण नाही. ज्यात वार नाही, वेळ नाही, त्याची वाट पाहायची नाही."

ल्यू आजोबांनी हात वर केला. मग करायचं काय?

"विचारायचं, मंगळवारी येऊ का? भिऊ नका. बहुतेक ते हो म्हणते. फक्त विचारायचं." एवढं बोलून सर खिडकीकडे वळले आणि वर्ग नेहमीपेक्षा लवकर सुटला.

सगळे गेल्यावर आम्ही खुर्च्या रचत होतो. माझी आई नाशिकची. इतके आठवडे इथल्या लोकांना खाजगी प्रश्न विचारायचे नाहीत हे शिकून ती थकली होती, आणि सर काही इथले नव्हते. तिने सरळ विचारलं, "सर, वहिनी कुठे असतात?"

सरांनी हातातली खुर्ची पुन्हा उघडली आणि तिच्यावरच बसले.

"नागपूरला," ते म्हणाले. "कुंदा नाव तिचं. आली होती माझ्यासोबत. मी सकाळी अंधारात साइटवर जायचो, संध्याकाळी अंधारात यायचो. शेजारच्या बाईनं एक दिवस कुंपणावरून तिला हेच वाक्य म्हटलं. हीलेबी बरं वाटलं. पहिल्यांदाच कोणी बोलावलं होतं ना. तिनं चिवडा करून डब्यात भरून ठेवला, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. दुपारी चांगली साडी नेसून बसायची. आज बोलावते, उद्या बोलावते. चिवडा मऊ पडला की संध्याकाळी मला द्यायची, अन् नवीन करायची. मी खाऊन म्हणायचो, वा, काय चिवडा झाला! रोज रोज चिवडा काऊन करते, हे विचारायचं काही मला सुचलं नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे नाही.

"मग तिनं मनात घेतलं, की आपलंच काही चुकलं. रंग असेल, साडी असेल, फोडणीचा वास असेल. कुंपणाकडे जाणंच सोडलं. भाचीच्या लग्नाला म्हणून नागपूरला गेली, अन् राहिली तिकडेच. भांडण नाही हो आमचं. रोज फोनवर बोलतो. पण ये म्हटलं की म्हणते, तिकडे मला कोण बोलावते?"

"आणि त्या शेजारणीला हे माहीतच नाही?" मी विचारलं.

"मलाच कुठं माहीत होतं? मी या वर्गात येऊन बसलो ते कुंदा गेल्यावर, घर खायला उठायचं म्हणून. मार्गारेटबाईनं एक दिवस हे वाक्य फळ्यावर लिहिलं, अन् म्हणाल्या हे आमंत्रण नाही. मी उठून बाहेर गेलो, गाडीत बसून नागपूरला फोन लावला. सगळं सांगितलं. कुंदानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'म्हणजे तिले मी आवडत होते?'" सर टायचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले. "तोवर ती बाई घर विकून ऑकलंडला गेली होती."

आई उठली. तिने हात पुढे केला. "फोन लावा."

"आत्ता? तिकडे पहाट असेल."

"मग उठल्या असतील. लावा."

नागपूरला दोन-तीन रिंगांतच फोन उचलला गेला. सर "जय भीम, झोपली होती का" एवढं म्हणाले न म्हणाले, तोच आईने फोन काढून घेतला.

"कुंदाताई, नमस्कार. मी नाशिकची, सरांची विद्यार्थिनी. हो, त्या चिनी वर्गातली. नाही, चिनी नाही. ऐका, तुम्ही माझ्याकडे चहाला यायचंय." पलीकडून काहीतरी हळू आवाजात आलं. आई कडाडली, "कधीतरी नाही! कधीतरी येईन हे उत्तर मी ऐकणार नाही. वार सांगा. तिकीट काढा, तिथून पुढे मोजून मला वार सांगा. आणि हे बघा, मीही इथे पडद्यामागेच उभी होते. तुमच्या नवऱ्याने मला बाहेर काढलं. आता तुम्ही आलात तर मला मराठीत गटार म्हणायला कोणीतरी मिळेल."

गटाराचा खुलासा करण्यातच पुढचा कितीतरी वेळ गेला. फोनमधून हसण्याचा आवाज येत होता. सर फळा पुसत होते. वाक्य केव्हाच पुसलं गेलं होतं, तरी पुसत होते.

कुंदाताईंनी वार सांगितला. मधे बरेच फोन झाले, आता ते आईच करत होती.

विमानतळावर आम्ही सगळेच गेलो. म्हणजे मी, आई, इरा, चेनबाई, ल्यू आजोबा आणि वर्गातली बरीच मंडळी. तिथेही गोंधळ झालाच. आईने स्वागताला पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ आणला होता. तो पाहून चेनबाईंचा चेहरा पडला. त्यांच्याकडे ही फुलं मयतीला नेतात. आई म्हणे, आमच्याकडे शेवंतीशिवाय वेणी होत नाही. दोघींनी निवाड्यासाठी सरांकडे पाहिलं, पण सरांचं लक्षच नव्हतं. ते दारापाशी लोखंडी कठड्याला धरून उभे होते. आतून एकेक प्रवासी येत होता, कुंदाताई येत नव्हत्या.

"मसाले आणले असतील," सर पुटपुटत होते. "खायचं काही आणलं तर इथं सांगावं लागते. कस्टमवाल्याला एकेक पुडी उघडून दाखवत असेल. खोटं बोलत नाही ना ती. वेळ लागणारच."

शेवटी दार सरकलं आणि ट्रॉली ढकलत एक लहानखुऱ्या बाई बाहेर आल्या. निळी साडी, वर जाड स्वेटर, पायात नवेकोरे पांढरे स्पोर्ट्‌स शूज. एका बुटाची नाडी सुटून फरशीवर लोळत होती. त्यांनी आमच्या एवढ्या घोळक्याकडे पाहिलं आणि बिचकून जागीच थांबल्या.

सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. ल्यू आजोबांनी मला कोपराने ढोसून हळूच विचारलं, "हग? शेकहँड?" मला तरी काय माहीत?

सर तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या मधोमध, एका गुडघ्यावर बसले आणि कुंदाताईंच्या बुटाची नाडी बांधू लागले. मागून येणाऱ्या ट्रॉल्या त्यांना वळसा घालून जात होत्या. कुंदाताईंनी तोल सांभाळायला त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नाडी केव्हाच बांधून झाली असावी. पण सरांनी मान वर केली नाही, आणि कुंदाताईंनीही हात काढला नाही.